पहिल्या रांगेत खुर्ची ठेवू म्हणाला होतात: कॉन्फरन्सच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
संयोजन समिती, तंत्रज्ञान कॉन्फरन्स, इंदूर
आणि ती जिथे भरली त्या कन्व्हेन्शन सेंटरचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

कॉन्फरन्सचं आणि सेंटरचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेल. इतरांनी आपापल्या कार्यक्रमाचं नाव त्या जागी घालून बघावं, बहुतेक बसेल. मराठीत लिहिते आहे, कारण समितीतल्या चार-पाच जणांशी मी एरवी मराठीतच बोलते आणि गणपतीत त्यांच्या घरचे मोदक खाते. ज्या भाषेत भांडायची सवय आहे त्याच भाषेत तक्रार नीट लिहिता येते.

गेल्या आठवड्यात तुमचं आभारपत्र आलं. किती लोक आले, किती स्टॉल लागले, आणि शेवटी एक वाक्य: यंदाची कॉन्फरन्स खऱ्या अर्थाने सर्वसमावेशक ठरली. ते वाक्य नसतं तर मी गप्प बसले असते. दोन दिवस वाया गेले, 3,500 रुपये गेले, पुढच्या वर्षी जायचं नाही, एवढ्यावर सोडून दिलं असतं. पण तो शब्द वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला.

मी 47 वर्षांची. गेली 22 वर्षं प्रोग्रामिंग करते, सुदामा नगरात राहते, दोन्ही कानांत मशीन घालते. 'कर्णबधिर' हा सरकारी शब्द, 'जरा कमी ऐकू येतं' हा घरातला, 'बहिरी' हा रस्त्यावरचा. तिन्ही चालतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांनी 60 ते 70 डेसिबल कमी ऐकणाऱ्याला एका नावाखाली ठेवलंय आणि त्यापुढच्याला दुसऱ्या. माझा आकडा 66. कार्ड पर्समध्ये असतं. सकाळी कचरागाडीचं गाणं सगळ्या गल्लीला ऐकू येतं, मला येत नाही. समोरच्या काकू गॅलरीतून हात हलवतात तेव्हा मी डबे घेऊन खाली उतरते. एवढी सोय आमच्या गल्लीने न सांगता केली आहे.

मशीनबद्दल थोडं सांगते, कारण समितीतल्या एका दादांनी मला विचारलं होतं, "मशीन आहे ना, मग काय अडचण?" लोकांना वाटतं मशीन म्हणजे कानाचा चष्मा. तसं नसतं. मशीन सगळंच मोठं करतं: बोलणं, पंखा, मागच्या रांगेतली वेफर्सची पिशवी. समोर हातभर अंतरावर माणूस असला तर छान चालतं. अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज 6 डेसिबलने उतरतो, आणि मोठ्या हॉलमध्ये भिंतींवर आपटून परत येणारा आवाज त्यात मिसळतो. हॉलमधले भोंगे कितीही मोठे केलेत तरी माझं काम होत नाही. मला आवाज कमी पडत नाही, व्यंजनं कमी पडतात. ती मी ओठांवरून भरून काढते, आणि ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात. ट आणि ड तोंडाच्या आत होतात, ते दिसतच नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या मुख्य भाषणात वक्ते अर्धा तास 'मॉडेल'बद्दल बोलत होते आणि मी अर्धा तास 'बॉटल'बद्दल ऐकत होते. मोठी बॉटल, छोटी बॉटल, बॉटल कशी ट्रेन करायची. हसू येतं ना? मलाही आलं, घरी आल्यावर.

आता घडलं ते सांगते.

कॉन्फरन्सच्या चार आठवडे आधी मी मेल केला. दोन गोष्टी मागितल्या: स्क्रीनवर बोलण्याचे कॅप्शन, आणि ते जमत नसेल तर पुढच्या रांगेत, वक्त्याचे ओठ दिसतील अशी जागा. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: "जरूर ताई, पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवू." कॅप्शनबद्दल एक अक्षर नाही, पण मी खूश झाले. एवढं तरी कोण करतं?

त्या सकाळी पहिल्या रांगेत खुर्च्या नव्हत्याच. पांढऱ्या कव्हरचे सोफे होते, प्रत्येकावर नावाचा कागद. मी मेल दाखवला. गळ्यात पट्टा घातलेला मुलगा खाली मान घालून काहीतरी बोलला. मी म्हटलं, वर बघून बोल. तो वर बघून म्हणाला, "आंटी, ये तो व्हीआयपी का है." मला चौदाव्या रांगेत, भोंग्याच्या खाली बसवलं. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांची भाषणं झाली, पाहुणे गेले. 11 सोफ्यांपैकी 8 जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकामे होते. मी दोनदा जाऊन विचारलं. दोन्ही वेळा कळलं की कागद काढायचा अधिकार कोणालाच नाही.

चौदाव्या रांगेतून मी भिंतीएवढ्या एलईडी स्क्रीनवर वक्त्याचं तोंड बघायचा प्रयत्न केला. कॅमेरा चेहऱ्यावर असेपर्यंत थोडंफार जुळत होतं, तरी स्क्रीनवरचे ओठ आवाजापेक्षा किंचित मागे चालत होते. मग कॅमेरा टाळ्या वाजवणाऱ्या लोकांवर जायचा, मग ड्रोनचं दृश्य, मग लोगो. फोनवर बोलणं लिहून दाखवणारं ॲप आहे, ते मांडीवर उघडून ठेवलं. फोनचा माइक जवळचं आधी ऐकतो. व्यासपीठावर डेटा सुरक्षेवर बोलणं चाललं होतं आणि माझ्या फोनवर उमटत होतं: रात्री सराफ्यात किती वाजता, जोशींकडे दहीवडा खायचा का आधी गराडू. शेजारच्या दोघांचं रात्रीच्या खाण्याचं आख्खं नियोजन मी वाचलं. तेवढा एकच संवाद मला त्या दिवशी पूर्ण कळला.

त्याच भाषणात इंटरनेटच्या इतिहासाची स्लाइड आली. रॉबर्ट कान आणि व्हिंट सर्फ यांचे फोटो, खाली टीसीपी/आयपी, 1974. इंटरनेटवर संगणक एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते या दोघांचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की सर्फ लहानपणापासून कानाला मशीन लावतात? त्यांच्या पत्नीही कर्णबधिर. ईमेल ज्यांच्या डोळ्यांसमोर घडली त्यांच्यातल्या या माणसाला लिहून बोलणं का आवडलं, हे वेगळं सांगायला नको. त्यांना तुम्ही पाहुणे म्हणून बोलावलं असतं तर सोफा मिळाला असता, पण त्या हॉलमध्ये त्यांना माझ्याइतपतच ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी स्टॉल बघायला गेले, आणि हे पत्र खरं तर तिथे सुरू झालं. एका स्टॉलवर बोललेलं लिहून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, हिंदी, इंग्रजी, मराठी. समोर इथल्याच एका कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा मुलगा. तो बोलला, स्क्रीनवर अक्षरं आली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मी माझ्याशी बोलणाऱ्या कोणाचं वाक्य अंदाज न करता पूर्ण वाचलं. मग त्याने माइक माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, आज पोह्यात जिरावण कमी पडलं. (जिरावण म्हणजे इथे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला.) स्क्रीनवर आलं: आज पोह्यात जीवन कमी पडलं. मुलगा लाजला. म्हणाला, "मॅडम, इंदूरचे शब्द अजून शिकवायचेत." मी म्हटलं, बाबा रे, जीवन चालेल, तू हे हॉलमध्ये का नाही लावलंस?

"आम्हाला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "साउंडवाल्याने एक लाइन दिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं."

स्टॉलपासून हॉलच्या दारापर्यंत मी पावलं मोजली. 64. तो मुलगा बिचारा केबल हातात घेऊन साउंडवाल्याकडे गेलाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा वाचायला ओठांची गरज नव्हती. साउंडवाल्याची ना नव्हती. पण स्क्रीनच्या खालच्या पट्टीत प्रायोजकांचे लोगो होते, ती जागा विकलेली होती, अक्षरांना जागा नव्हती.

ही पट्टी मी विसरू शकत नाही. दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर, बरोबर जिथे वाक्यं यायला हवी होती तिथे, बँक, कोचिंग क्लास आणि बिल्डर फिरत होते.

आता तक्रारी मुद्द्याने.

नोंदणीच्या फॉर्मवर तुम्ही माझ्या टी-शर्टचं माप विचारलंत. जेवण साधं की जैन तेही विचारलंत, आणि दोन्ही दिवस जैन जेवणाचं काउंटर वेगळं होतं, व्यवस्थित होतं, त्याबद्दल खरंच कौतुक. म्हणजे माणसं वेगवेगळी असतात हे तुम्हाला कळतं. मग 'तुम्हाला काही विशेष सोय लागेल का' ही एक ओळ कशी सुटली?

प्रश्नोत्तरांत माइक फिरवत नाहीत. मागून कोणी ओरडून विचारतं, वक्ता उत्तर देऊ लागतो. ज्या प्रश्नाला ते उत्तर होतं तो प्रश्न मला आजही माहीत नाही. वक्त्याने प्रश्न परत म्हणून मग उत्तर द्यावं, याला एक पैसाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यशाळेच्या खोलीला सरकती भिंत होती आणि पलीकडच्या भागात संध्याकाळच्या संगीताचं साउंड चेक सुरू होतं. कोणाचं तरी लग्न, माझ्या शुभेच्छा. पण ढोलाचा ठोका भिंतीतून येतो आणि कानातलं मशीन तो प्रामाणिकपणे मोठा करून देतं. मी मशीन बंद करून बसले. ही तक्रार सेंटरची. एका भागात कार्यशाळा असताना शेजारच्या भागात डीजे लावू द्यायचा की नाही, हे बुकिंगच्या वेळी ठरवता येतं.

भाषणांचे व्हिडिओ तुम्ही टाकलेत. कॅप्शन नाहीत. हॉलमध्ये घाई होती, गर्दी होती, समजू शकते. घरी बसून व्हिडिओ चढवताना कसली घाई?

आणि शेवटची, जरा वैयक्तिक. मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे सगळं लिहिलं, वर लिहिलं की मला ऐकू कमी येतं, कृपया मेसेज करा. तुम्ही फोन केलात. मी मेसेज केला की फोनवर कळत नाही, लिहा. तुम्ही पुन्हा फोन केलात. तिसरा फोन माझ्या मुलीने उचलला. तिला सांगण्यात आलं की आईंना सांगा, काळजी करू नका, पुढच्या वर्षी बघू.

कायद्याचं थोडक्यात बोलते, धमकी म्हणून नाही. 2016 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खाजगी इमारतीही आहेत, सर्वसामान्य लोक जिथे येतात-जातात त्या सगळ्या. 46 वं कलम सांगतं की सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्याने सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची. ते नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला केंद्र सरकारला सांगितलं. आपल्याकडे मात्र अजून सुगम्यता म्हटलं की रॅम्प आणि वेगळं स्वच्छतागृह. ती हवीतच, सेंटरमध्ये ती आहेत, मी पाहिली. माझा रॅम्प अक्षरांचा आहे.

तुमचं एक उत्तर मला आधीच माहीत आहे, कारण फोनवर ते मुलीला दिलं गेलं: एवढ्या लोकांत एकच तक्रार आली. ज्याला ऐकू येणार नाही हे माहीत असतं तो तिकीटच काढत नाही, मग तक्रार कुठून येणार? 2011 च्या जनगणनेत या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले 50 लाखांवर लोक मोजले गेले, आणि साठीनंतर जे हळूहळू 'काय म्हणालास?' वर येतात ते सगळे या आकड्यात असतील असं नाही. माझ्या रांगेतले एक गृहस्थ दोन दिवस कानामागे पंजा धरून बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नाही नाही, मला येतं ऐकू." शिवाय परदेशी उच्चारांचं भरभर इंग्रजी किती जणांना कळलं, हे टाळ्यांवरून ठरवू नका. अक्षरं आली असती तर त्या कॉलेजच्या मुलांनीही वाचली असती.

खर्चाचं म्हणाल तर फोनवर बोलणं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब 2019 पासून फुकट आहे, त्यात मराठीही आहे. ते घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः कर्णबधिर असलेले संशोधक आहेत. पॉवरपॉइंटमध्येही बोलणं खाली अक्षरांत दाखवायची सोय आहे, एक बटण दाबायचं. ती अक्षरं चुकतात, मान्य. जिरावणाचं जीवन होतं. पण मॉडेलची बॉटल होण्यापेक्षा ते बरं.

आणि हे सगळं इंदूरमध्ये व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. पाकिस्तानात इतकी वर्षं राहिलेली कर्णबधिर गीता 26 ऑक्टोबर 2015 ला भारतात परतली, तेव्हा तिला राहायला याच शहरात आणलं, कारण इथे कर्णबधिरांसाठी काम करणारी संस्था होती. खुणांच्या भाषेत बोलणारी माणसं शोधायला तुम्हाला दिल्लीला जावं लागणार नाही.

चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. 2023 च्या जानेवारीत प्रवासी भारतीय दिवसाला या शहरात सभागृह भरलं आणि कित्येक पाहुणे बाहेर राहिले, तेव्हा मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जागा अपुरी पडल्याबद्दल माफी मागितली होती. मला तर जागा मिळाली होती. चौदावी रांग, भोंग्याखाली.

मागण्या अशा:

पुढच्या कॉन्फरन्सला मुख्य हॉलमध्ये आणि प्रत्येक खोलीत बोलण्याचे कॅप्शन दाखवा, आणि स्क्रीनची खालची पट्टी प्रायोजकांना विकण्याआधी त्यासाठी राखा. लोगो वर लावा, बाजूला लावा, माझं काही म्हणणं नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर सोयीची ती एक ओळ घाला. कोणी खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला तर तो आणा. पहिल्या दोन रांगांतल्या सहा खुर्च्या अशा लोकांसाठी ठेवा, त्यांच्यावर तसा कागद लावा, आणि तो काढायचा नाही हे त्या गळ्यात पट्टा घातलेल्या मुलांना शिकवा.

वक्त्यांना आधीच लेखी कळवा: माइक तोंडासमोर धरू नका, कॉलरला लावा, प्रश्न परत म्हणा.

यंदाच्या व्हिडिओंना महिनाभरात तपासलेले कॅप्शन लावा. आठवड्याला पाच व्हिडिओ तपासायला मी तयार आहे, फुकट, फक्त 'बॉटल' दिसलं तर हसेन.

सेंटरच्या व्यवस्थापनाला वेगळं: निदान एका हॉलमध्ये इंडक्शन लूप बसवा. हॉलच्या कडेने एक तार फिरवतात, माइकचा आवाज त्या तारेच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो, आणि मशीनमधलं 'टी'चं बटण लावलं की हॉलचा गोंगाट वगळून थेट कानात पोचतो. नवीन शोध नाही, कित्येक देशांत थिएटरांत आणि तिकीट खिडक्यांवर असतं. माझ्या मशीनमध्ये ते बटण आहे. इंदूरमध्ये ते दाबायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

आणि हे होईपर्यंत आभारपत्रातला 'सर्वसमावेशक' हा शब्द मागे घ्या. बाकी पत्र चांगलं आहे.

पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू होण्याआधी यावर तुमचं लेखी उत्तर हवं आहे. कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी चाचणी घ्यायची असेल तर मला बोलवा, मी येईन. त्या स्टॉलवरच्या मुलालाही विचारलं आहे, तो केबल घेऊन येतो म्हणाला.

कृपया मेसेज करा. फोन केलात तर मुलगी उचलेल, आणि तिची परीक्षा चालू आहे.

आपली,
चौदाव्या रांगेतली प्रोग्रामर
सुदामा नगर, इंदूर